‘आपल्या मातीत गमबूट चालत नाही’ म्हणे!

मृगाच्या तोंडावर खामगाव, मलकापूर, चिखलीच्या कृषी केंद्रांत पाय ठेवायला जागा नसते. सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या, खताच्या गोण्या, तणनाशकाच्या बाटल्या, पाठीवरचे फवारणी पंप, ताडपत्री, नायलॉनची दोरी असा सगळा माल दर्शनी भागात मांडलेला असतो. गमबूट मागितला, की दुकानदार आधी गिऱ्हाइकाकडे बघतो आणि मग माळ्याकडे. असलाच तर एखादा जोड निघतो, 9 नंबरचा, धूळ खात पडलेला. त्यासोबत एक वाक्य फुकट मिळते: “आपल्या मातीत थे चालत नाही, राजेहो.”

हे वाक्य एकट्या दुकानदाराचे नाही. शिबिरात बोलणारा अधिकारी ते म्हणतो, मजुरांची टोळी आणणारा मुकादम म्हणतो, शंभर क्विंटल सोयाबीन पिकवणारा बागायतदार म्हणतो आणि अनवाणी पायाने निंदायला जाणारी बाईही म्हणते. सगळेच म्हणतात म्हणून ते खरे वाटते. बुलढाणा जिल्ह्यात या वाक्याची कोणी कधी तपासणी केल्याचे मात्र दिसत नाही.

तपासणी करायची तर आधी गमबुटाच्या विरोधकांची बाजू नीट मांडायला हवी. ते म्हणतात, काळी माती चिकट आहे, बूट रुतून बसतो. रबरात पाय उकडतो. निंदायला बायका उकिडव्या बसतात, गुडघ्यापर्यंतचा बूट घालून ते जमणार कसे? शेत म्हणजे काळी आई, तिच्यावर बूट घालून चालणे बरे नव्हे. साप काय, हातालाही चावतो. आणि सर्वांत वजनदार मुद्दा असा, की आधी दवाखान्यात सर्पदंशावरची लस ठेवा, दिवसा वीज द्या, बूट वाटून जबाबदारी शेतकऱ्याच्या पायात अडकवू नका. यातला एकही मुद्दा निव्वळ खोटा नाही. म्हणूनच प्रत्येकाला वेगळे उत्तर द्यावे लागते.

सुरुवात मातीपासून. बुलढाणा जिल्हा दोन तोंडांनी बोलतो: घाटावर आणि घाटाखाली. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजाकडे हलकी, मध्यम, कुठे मुरमाड जमीन लागते. घाट उतरून नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे गेले, की पूर्णेच्या खोऱ्यातली खोल काळी सुरू होते आणि तिच्यातच खाऱ्या पाण्याचा खारपाणपट्टा येतो. या मातीत चिकणमातीचा अंश इतका, की ओली झाली की फुगते आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओल्या काळीत दहा पावले टाकली, की तळव्याला गारा थरावर थर चढत जातो आणि पाय उचलवत नाही. बुटाला तो जास्तच धरतो. घाटाखालच्या शेतकऱ्याने ही तक्रार केली, तर त्याला कोणी खोटे पाडू नये.

पण तशा गाऱ्यात कोणी डवरत नाही आणि निंदतही नाही. शेतकरी वाफशाची वाट बघतो. चांगला पाऊस पडून गेला, की दोन-तीन दिवस वावराकडे कोणी फिरकत नाही, कारण ओल्यात पाय घातला तर जमीन दडपते. म्हणजे ‘बूट रुततो’ हा आक्षेप ज्या दिवसाचा आहे, त्या दिवशी वावरात माणूसच नसतो. ज्या कामांत माणसाला ओल्यातच उभे राहावे लागते ती मोजकी आहेत: रब्बीतले रात्रीचे ओलीत, फवारणी, परतीच्या पावसात सापडलेल्या सोयाबीनची सोंगणी, धुऱ्यावरचे आणि चाऱ्याचे गवत कापणे, गोठ्यातले शेण-मूत. प्रश्न या कामांचा आहे. बारा महिने, सकाळ-संध्याकाळ गमबूट घाला असे कोणी म्हणत नाही.

यातले रात्रीचे ओलीत जवळून पाहण्यासारखे आहे. कृषिपंपाला वीज पाळीने मिळते आणि रात्रीची पाळी आली, की हरभऱ्याला, गव्हाला पाणी रात्रीच द्यावे लागते. शेतकरी एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात फावडे घेऊन निघतो. वावराच्या तोंडाशी चप्पल काढून ठेवतो, कारण ती चिखलात रुतून तुटणार हे ठरलेले. एक सरी भरली, की तिचे तोंड मातीने बुजवायचे आणि पुढच्या सरीचे फोडायचे. फावड्याला दोन्ही हात लागतात, मग बॅटरी काखेत जाते आणि उजेड नको तिकडे पडतो. दांडाच्या कडेला उंदरांची बिळे असतात. पाणी बिळात शिरले, की आतला उंदीर बाहेर येतो, आणि उंदरामागे बिळात गेलेला सापही येतो. त्या क्षणी त्याच्या वाटेत पहिली गोष्ट असते ती माणसाचा उघडा घोटा. इथे बूट रुतत नाही असे नाही. पण मापाचा असेल, तर टाच आधी उचलून पाय थोडा वळवला, की तो निघतो. दोन नंबर मोठा असेल, तर बूट चिखलात राहतो आणि पाय वर येतो. बुटाबद्दलची निम्मी बदनामी या दुसऱ्या प्रकाराने झालेली आहे.

उकाड्याचा मुद्दा खरा आहे आणि त्याला वळसा घालण्याचे कारण नाही. रबर आणि पीव्हीसी हवा जाऊ देत नाहीत. सप्टेंबरच्या दमट उन्हात दिवसभर तो जोड पायात ठेवला, तर आत घामाचे पाणी होते. मोज्याशिवाय घातला, तर पोटरीला काचतो. पण याची तुलना कशाशी करायची? पावसाळ्यात रोज सहा-आठ तास ओल्यात राहिलेल्या पायांना चिखल्या होतात. बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडून सोलते, आग होते आणि रात्री खोबरेल तेल किंवा हळद लावून सकाळी तोच पाय पुन्हा त्याच ओल्यात जातो. फुटलेल्या कातडीतून जंतू शिरतात. मानवी विष्ठेने दूषित झालेल्या ओल्या मातीतल्या आकडेकृमीची अळी तर उघड्या तळव्यातून थेट आत जाते आणि रक्त पिऊन माणसाला पांढराफटक करते. बाभळीचा काटा रुतून मातीतली बुरशी पायात घर करते, तेव्हा होणाऱ्या सुजेला वैद्यकशास्त्रात ‘मदुरा फूट’ म्हणतात. मदुराईच्या दवाखान्यात 1842 च्या सुमारास तिची नोंद झाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये तिला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले. या सगळ्यापुढे उकाड्यावरचा इलाज अगदी घरगुती आहे. सुती मोजे घालावेत, कामापुरतेच बूट वापरावेत, घरी आल्यावर ते धुऊन खुंटीला उलटे टांगावेत आणि सकाळी घालण्याआधी झटकावेत, म्हणजे आत विंचू बसला असेल तर बाहेर पडतो.

आता ‘सवय’ आणि ‘काळी आई’. गमबूट ही साहेबाची वस्तू आहे, शेतकऱ्याची नव्हे, असा एक समज या बोलण्यामागे असतो. इतिहास नेमका उलटा आहे. रबराला गंधकासोबत उष्णता देऊन टिकाऊ करण्याच्या कृतीचे अमेरिकी पेटंट चार्ल्स गुडइयरने 1844 मध्ये घेतले. पादत्राणांसाठी ती कृती वापरण्याचा हक्क हायरम हचिन्सन या अमेरिकी उद्योजकाने मिळवला आणि 1853 मध्ये फ्रान्समध्ये मोंतार्जीजवळ कारखाना काढला. त्याचे गिऱ्हाईक कोण होते? लाकडी खडावांसारखे जोडे घालून चिखलात राबणारे फ्रेंच शेतकरी. संध्याकाळी कोरड्या पायाने घरी जाता येते, एवढ्या एका गुणावर तो बूट खपला. रबरी गमबूट असा शेतीच्या चिखलात वाढलेला आहे. त्या शेतकऱ्यांनाही पिढ्यान्‌पिढ्या लाकडी जोड्यांचीच सवय होती.

या बुटाला इंग्लंडात ज्याचे नाव मिळाले तो सरदार तर आपल्याच भागातून गेला आहे. आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, 23 सप्टेंबर 1803 रोजी जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला आणि 29 नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला. असई घाटावरच्या बुलढाण्याच्या शेजारी, अडगाव संग्रामपूरच्या. त्याचा बूट चामड्याचा होता, रबराचा नंतर आला. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत गुडघाभर पाण्यात उभे राहून ब्रिटिश सैनिकांचे पाय सडू लागले. पहिल्याच हिवाळ्यात असे सुमारे 20 हजार सैनिक निकामी झाले. मग एडिनबरोच्या नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनीने युद्ध संपेपर्यंत सुमारे 12 लाख जोड पुरवले. ‘आमच्या शिपायांना सवय नाही’ असे म्हणत तिथले सेनापती बसले नाहीत, कारण पाय सडलेला शिपाई त्यांना परवडत नव्हता. शेतमजुराच्या बाबतीत हा हिशेब वेगळा लागतो. त्याचा पाय सडला, तर मुकादम दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस आणतो.

काळी आईचा मुद्दा भावनेचा आहे आणि भावनेला हसू नये. पेरणीला तिफण धरताना, खळ्यावर रास पूजताना चप्पल बाहेर काढणारी माणसे या जिल्ह्यात आजही आहेत. तो मान त्या क्षणाचा आहे आणि तो तसाच राहावा. पण त्याच काळ्या आईवरून ट्रॅक्टर फिरतो, रोटाव्हेटर फिरतो, हार्वेस्टर फिरतो आणि तिच्यात तणनाशक मुरते. तेव्हा कोणाला विटाळ वाटत नाही. मजुराने बूट घातला की मात्र ‘लय साहेब झाला’ असा टोमणा येतो. हा टोमणा कुठून येतो हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना खालच्या म्हटलेल्या जातींच्या माणसाने वहाणा हातात घ्यायच्या, ही रीत महाराष्ट्रातल्या गावोगाव होती. अनवाणी पायाचे गोडवे गाताना हा भाग सोयीने गाळला जातो. शेगावहून गजानन महाराजांच्या पालखीसोबत पंढरपूरला नवसाने अनवाणी निघालेला वारकरी आपण होऊन वहाणा सोडतो. सोंगणीला आलेल्या बाईला तशी निवड करायची संधीच मिळालेली नसते.

सापाचा मुद्दा अधिक नेटका मांडायला हवा, कारण बुटाचे समर्थकही इथे अतिशयोक्ती करतात. देशात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, असा अंदाज ‘मिलियन डेथ स्टडी’च्या आधारे 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. सर्वाधिक मृत्यूंच्या राज्यांत महाराष्ट्र येत नाही, हेही त्याच अभ्यासात आहे. आणि सगळे दंश शेतात होत नाहीत. मण्यार रात्री घरात, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिथे बूट काय करणार? तिथे खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी हवी.

पण घोणसाची गोष्ट वेगळी आहे. तो गवतात, पाल्यात, काडाच्या ढिगाखाली निपचित पडून राहतो, पळून जात नाही, आणि पाय जवळ पडला की झेपावतो. शेतातल्या दंशांत बहुतेक जखमा पावलावर, घोट्यावर आणि पोटरीच्या खालच्या भागात असतात. नेमका तेवढाच भाग गमबूट झाकतो. जाड, थोडासा सैल बूट असला, तर दात पायापर्यंत पोचण्याआधी रबराचा थर आणि त्यामागची पोकळी ओलांडावी लागते. बूट म्हणजे चिलखत नव्हे, आणि सोंगणीत विळ्याच्या हाताला होणारा दंश तो टाळत नाही. पण हात झाकता येत नाही म्हणून पायही उघडाच ठेवा, हा तर्क कोणत्या शाळेत शिकवतात? जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशियासाठीच्या सर्पदंश मार्गदर्शिकेत बूट, बॅटरी आणि काठी यांचा सल्ला ठळकपणे आहे. म्हैसूर जिल्ह्यातल्या हुणसूर भागात लियाना ट्रस्ट ही संस्था शेतकऱ्यांमध्ये सर्पदंश टाळण्याचे काम करते आणि त्यात गमबूट आहेत.

घोणसाच्या विषाने रक्त गोठेनासे होते आणि मूत्रपिंड बंद पडू शकते. संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांत खाऱ्या पाण्यापायी मूत्रपिंडाच्या आजारांची ओरड वर्षानुवर्षे आहे. तिथल्या माणसाला दंश झाला, तर त्याच्या मूत्रपिंडाला आधीच किती झीज लागली असेल, याचा विचार ‘चालत नाही’ म्हणणाऱ्यांनी कधी केला आहे का?

विरोधकांचा सर्वांत मजबूत मुद्दा इथे येतो: आधी दवाखाना नीट करा. बरोबर आहे. भारतात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. सुरुवातीलाच दहाच्या आसपास कुप्या द्याव्या लागतात. काही रुग्णांना लसीचीच तीव्र ॲलर्जी येते, म्हणून लहान केंद्रावरचा डॉक्टर धास्तावतो आणि रुग्णाला पुढे पाठवतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून प्राथमिक केंद्र, तिथून खामगाव, तिथून अकोल्याचे शासकीय रुग्णालय अशी वरात निघते. बुलढाण्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2024 मध्ये सुरू झाले. ते उभे राहायला आणि घाटाखालच्या गावाला त्याचा हात लागायला वेळ लागेल. केंद्राने मार्च 2024 मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला. 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे उद्दिष्ट त्यात आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंश नोंदणीयोग्य आजार करा, असे राज्यांना सांगितले गेले. हे सगळे हवेच. दिवसाची वीजही हवी, आणि ती मिळाली तर रात्रीच्या ओलिताचे अर्धे संकट आपोआप टळेल.

पण ‘आधी ते, मग हे’ ही मांडणी फसवी आहे. लस आली म्हणून दंश टळत नाही, आणि बूट दिला म्हणून लस मागण्याचा हक्क जात नाही. दोन्ही एकाच वेळी मागता येतात. रस्ते खराब आहेत म्हणून हेल्मेट नको, असे म्हणणारा माणूस आणि दवाखाना दूर आहे म्हणून बूट नको म्हणणारा माणूस एकाच जातकुळीचे. उलट दवाखाना जितका लांब, तितकी दंश टाळण्याची किंमत जास्त.

सरकारी यंत्रणा कशाने हलते, याचाही एक ताजा अनुभव जिल्ह्याने घेतला आहे. डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. काही दिवसांत पथके आली, पाणी-माती-रक्ताचे नमुने गेले, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तज्ज्ञ आले, वाहिन्यांचे कॅमेरे आले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः नमुने तपासून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगभर ओळखले जाणारे आणि सर्पदंशावर आयुष्य घालवलेले हे डॉक्टर मूळचे शेजारच्या भोकरदन तालुक्यातले. केसगळतीची चौकशी व्हायलाच हवी होती. पण त्याच तालुक्यात दर पावसाळ्यात पायाला साप चावून माणसे दाखल होतात. त्यांच्या गावात नमुने घ्यायला पथक आल्याचे कोणाला आठवत नाही, कारण एकेकट्या गावातला एकेकटा दंश बातमी होत नाही.

फवारणीबाबत तर वादाला जागाच नाही, कारण तिथे कायदा बोलतो. कीटकनाशक नियम, 1971 मधला 39 वा नियम फवारणी करणाऱ्यासाठी संरक्षक पोशाख सांगतो. अंगरखा, कोपराच्या दिशेने अर्ध्या हातापर्यंत येणारे रबरी हातमोजे, धूळरोधक चष्मा आणि बूट अशी त्याची यादी आहे. म्हणजे बूट ही चैन नव्हे, पन्नासहून अधिक वर्षे जुनी कायदेशीर तरतूद आहे. यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-मजूर दगावले, तेव्हा ती सगळ्यांना आठवली. किट वाटली गेली, छायाचित्रे निघाली. किटमध्ये तोंडाला पट्टी आणि हातमोजे दिसत. पायांचे काय, हे कोणी विचारले नाही.

आणि फवारणीत पायच सर्वांत जास्त भिजतात. पऱ्हाटी कमरेच्या वर गेलेली असते, पाने ओली असतात, दोन ओळींतून चालताना मांड्या आणि पोटऱ्या पानांना घासत जातात. पाठीवरच्या पंपाचे झाकण पाझरते आणि ते पाणी पाठीवरून पायापर्यंत ओघळते. वारा फिरला, की फवारा खाली बसतो. स्लीपर घातलेला मजूर दिवसभर त्या औषधाच्या चिखलात पाय बुडवून चालतो. बूट दिला, तर तो कसा घालायचा हेही सांगावे लागते. फवारताना पँट बुटाच्या बाहेरून सोडायची, आत खोचायची नाही. आत खोचली, तर ओघळलेले औषध थेट बुटात जमते आणि मग बूट नसलेलाच बरा. शिबिरात ही एक गोष्ट दाखवायला दोन मिनिटे लागतात.

आता बायकांचा मुद्दा, ज्याला सर्वांत कमी उत्तर दिले गेले आहे. निंदण, वेचणी, सोंगणी या कामांत बायकाच जास्त, आणि बाजारातला गमबूट पुरुषाच्या पायाचा. 6 नंबरच्या खालचा जोड तालुक्याच्या दुकानात शोधून सापडत नाही. गुडघ्याएवढा ताठ बूट घालून उकिडवे बसले, की त्याची कड गुडघ्यामागच्या लवणीत रुतते. लुगड्याचा काष्टा किंवा साडीचा घोळ बुटात कोंबावा लागतो. या तक्रारी शंभर टक्के रास्त आहेत. पण यातून ‘बायकांना बूट चालत नाही’ हे सिद्ध होत नाही. ‘बायकांच्या पायाचा बूट कोणी आणलाच नाही’ एवढेच सिद्ध होते. भारतीय मानक ब्यूरोच्या रबरी बुटांच्या मानकात, आयएस 5557 मध्ये, उंच गमबुटासोबत घोट्यापर्यंतचा बूटही आहे. घोट्याच्या जरा वर येणारा, मऊ, हलका, 3 ते 5 नंबरचा बूट बनवायला कुठल्या नव्या शोधाची गरज नाही. गरज आहे ती कोणीतरी हजार जोडांची मागणी नोंदवण्याची.

राहता राहिला पैसा. साधा पीव्हीसीचा गमबूट पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो. सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी 5 टक्के झाला आहे. डीएपीची एक गोणी 1,350 रुपयांची. तेवढ्यात दोन जोड येतात आणि चार मोजे घ्यायला पैसे उरतात. मजुराला स्वतःच्या खिशातून पाचशे रुपये जड जातात, यात शंका नाही. पण जो मालक एकरी हजारोंचे औषध मारतो, त्याला ते जड जात नाहीत. पंपाची किंमत तो मजुरीतून कापत नाही, फावड्याचीही नाही. बुटाचीच का कापावी?

राज्य सरकारकडे या हिशेबाचा दुसरा कागद आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाला, तर कुटुंबाला 2 लाख रुपये मिळतात. पाचशेच्या दराने त्या एका अनुदानात चारशे जोड येतात, म्हणजे मध्यम गावातल्या बहुतेक घरांना एकेक. शिवाय ही योजना खातेदार शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यासाठी आहे. ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, ज्याच्या घरात कोणाचेच नाही, तो भूमिहीन मजूर तिच्या बाहेर राहतो. म्हणजे चिखलात सर्वांत जास्त वेळ उभा राहणाऱ्याला मेल्यावर अनुदान नाही आणि जिवंतपणी बूट नाही. त्याच राज्यात नोंदणीकृत बांधकाम कामगाराला कल्याण मंडळाकडून सुरक्षा संच मिळतो आणि त्यात सेफ्टी शूज असतात. बांधकामावर वीट पडू शकते हे सरकारला पटले आहे. वावरात साप असू शकतो हे पटायला काय हरकत आहे?

जिल्ह्यात पावसाचा अंदाज घेण्याची हौस मोठी आहे. अक्षय्य तृतीयेनंतरच्या पहाटे भेंडवळच्या घटमांडणीचे भाकीत ऐकायला शेकडो शेतकरी जमतात. किती पडेल, कोणते पीक साधेल, याची चर्चा पुढे महिनाभर पारावर चालते. जुलै 2023 मध्ये संग्रामपूर-जळगाव जामोदला ढगफुटीसारखा पाऊस होऊन गावेच्या गावे पाण्यात गेली, तेव्हा खरडून गेलेल्या जमिनींचे पंचनामे झाले. अतिवृष्टीनंतरच्या अशा पाहणी दौऱ्यांची छायाचित्रे महाराष्ट्रात सगळीकडे सारखीच असतात. पाहायला आलेल्यांच्या पायात कोरे गमबूट आणि नुकसान दाखवणाऱ्याचे पाय उघडे. पाहुण्यांच्या पायात तो त्याच मातीत तासभर बिनतक्रार चालतो.

करायचे काम फार मोठे नाही. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ नांगर, तिफणी, डवरे यांच्या चाचण्या घेत आले आहे. जळगाव जामोदला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे रबर, पीव्हीसी आणि हलक्या फोमचे तीन प्रकारचे बूट, घोट्याचे आणि गुडघ्याचे, 3 पासून 9 नंबरपर्यंत, एका खरिपात आणि एका रब्बीत पुरुष-बायकांच्या पायात देऊन पाहता येतील. घाटावर एक गाव, घाटाखाली एक गाव. कोणत्या कामाला कोणता टिकला, कोणता फाटला, कोणता लोकांनी आठव्या दिवशी कोपऱ्यात फेकला, हे लिहून ठेवायचे. फवारणी पंपावर अनुदान देताना त्याच पावतीवर बुटाचा जोड चढवता येईल. रोजगार हमीच्या पाझर तलावावर, नगरपालिकेच्या नाल्यात उतरणाऱ्यांना तो आधी द्यावा लागेल, कारण त्यांना वाफशाची वाट बघण्याची सोय नाही.

निकाल कदाचित बुटाच्या विरुद्धही जाईल. खारपाणपट्ट्यातल्या भर पावसाच्या कामाला तो खरोखर निरुपयोगी ठरेल, आणि तसे ठरले तर मान्य करावे लागेल. तोवर ‘आपल्या मातीत चालत नाही’ म्हणणाऱ्याने एवढे तरी सांगावे: कोणता बूट, किती नंबरचा, कोणाच्या पायात, कोणत्या कामाला आणि किती दिवस घालून पाहिला?